पाठमोरा ऐकणारा

माझी गाडी नीट करायची तर दोन माणसं लागतात, एक चालवणारा आणि एक ऐकणारा. चालवणारे आमच्या वळ गावात पैशाला पासरी मिळतील. ऐकणारा एकच होता, आणि तो उत्तर प्रदेशात आपल्या गावी निघून गेला.

गाडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. कारण लोक ती बघतात आणि भंगारवाल्याचा पत्ता देतात. ती जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल आहे. रस्त्यावर धूर सोडत फिरायची, तेव्हा ती चारचौघींसारखीच होती. नंतर आम्ही तिचे दिवे काढले, मडगार्ड उंच केलं, मातीत चावा घेणारे टायर बसवले, पोटात फुगलेला सायलेन्सर वेल्डिंग करून लावला, आणि इंजिनाच्या आत कानशीने इतकं काही घासलं की ज्या कंपनीने ती बनवली तिनेही ओळख दिली नसती. अशी गाडी चालू करणं सोपं असतं. ती बरोबर चालवणं हे खरं काम. आत किती पेट्रोल जातं आणि किती हवा जाते, याचा मेळ कार्बोरेटरमधल्या पितळेच्या एका चिमुकल्या तुकड्यावर असतो. त्याला जेट म्हणतात. त्याला भोक असतं, आणि ते भोक केसभर मोठं झालं तर गाडी खोकत, थुंकत चालते. त्याला आम्ही रिच म्हणायचो. केसभर लहान झालं तर गाडी जोरात पळते, गोड वाजते आणि तापून मरते. ते लीन. रिच गाडी नुसती वैताग देते, लीन गाडी घात करते.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि मिस्त्री. मी त्या वेळी टेम्पो चालवायचो. भिवंडीत नारपोलीच्या कारखान्यांतून कापडाचे तागे उचलायचे आणि गोडाऊनला टाकायचे. मिस्त्री तिथल्याच एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचा. माझ्या टेम्पोच्या इंजिनाचा आवाज ऐकून तो एकदा बाहेर आला आणि म्हणाला, “शेठ, इसका बेल्ट जाने वाला है.” मी त्याला सांगितलं की आपलं काम बघ. बेल्ट त्याच दिवशी अंजूरफाट्याला तुटला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी कोपऱ्यावरच्या टपरीचा चहा घेऊन गेलो, आणि मग ती टपरी आम्हाला वर्षानुवर्षं पुरली.

मी शेठ नव्हतो. आमची भातशेती होती, खाडीच्या बाजूला, खारट आणि हट्टी. पण भिवंडीत जमीनवाला आगरी दिसला की त्याला शेठ म्हणायची पद्धत आहे, आणि मिस्त्री ते चिडवायलाच म्हणायचा. पुढे शेतावर गोडाऊनं उभी राहिली, घरात भाडं यायला लागलं, मी टेम्पो विकला, आणि खरोखरच शेठ झालो. तेव्हा मात्र तो शब्द मला बोचायला लागला. दिवसभर काम नसलेल्या माणसाला शेठ म्हणतात, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

लूमला शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी मी नारपोलीला जायचो, कारखान्याच्या मागच्या बोळात गाडी असायची, लूमवरून उतरलेल्या जुन्या कापडाने झाकलेली. ती टेम्पोत (माझा विकल्यावर भाड्याच्या) घालून आम्ही वळ गावी आणायचो, आमच्या शेताच्या कडेला, जिथं भराव टाकून लांब सपाट पट्टा झाला होता. एका टोकाला मी गाडीवर, दुसऱ्या टोकाला मिस्त्री. नमाजच्या आत काम आटपायचं, हा त्याचा नियम. दुसरा नियम असा की तो गाडीकडे पाठ करून उभा राहायचा. तोंड खाडीकडे, हात मागे बांधलेले. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, “आँख बीच में बोलती है. कान को बोलने नहीं देती.”

मी पूर्ण अॅक्सिलेटर पिळून त्याच्याकडे सुटायचो. आवाज त्याच्या पाठीवर जाऊन आदळायचा. मी जवळ येता येता त्याचा उजवा हात वर जायचा. मूठ असली तर रिच, जेट लहान लाव. पंजा उघडा असला तर लीन, ताबडतोब थांब. आणि हात वर आलाच नाही, तर सगळं बरोबर. मग मी त्याच्याजवळ थांबायचो, आणि तो तेव्हा कुठे वळून बघायचा, जणू आत्ताच मी आलोय.

घरी माझी बायको म्हणायची, “त्या गारीशी नि त्या मिस्त्रीशी बोलताव तेवरा माझ्याशी बोला, त पुन्य लागंल.” तिचं खोटं नव्हतं. पण मिस्त्रीशी तरी मी काय बोलायचो? आम्ही तासन्‌तास जेट बदलायचो आणि चार वाक्यं बोलायचो. त्यातली दोन शिव्या असायची. तरी शुक्रवारी दुपारी जेवायला बसलो की मला पोट भरल्यासारखं आधीच वाटायचं.

आमच्या गाडीचा एक तोरा होता. मातीच्या शर्यतीत तसल्या गाड्या घेऊन येणारे इतर लोक जो जेट लावायचे, त्याहून आमचा जेट बराच लहान. तरी आमचा स्पार्क प्लग काळा निघायचा. म्हणजे पेट्रोल अजून जास्तच जातंय. मग आम्ही आणखी लहान लावायचो. “हमारी बच्ची कम खाती है,” मिस्त्री अभिमानाने सांगायचा. मीही सांगायचो. कमी खाणारी आणि जोरात पळणारी गाडी आम्ही बनवली, असा आमचा ठाम समज होता, आणि तो आम्ही कशेळीपासून नारपोलीपर्यंत वाटला होता.

मग लूम बंद पडायला लागले. आधी एक शिफ्ट गेली, मग आठवड्यातले काही दिवस गेले, मग मालकाने लूम वजनावर भंगारात काढले. मिस्त्रीने ज्या लूमांचा एकेक बोल्ट हाताने कसला होता, ते ट्रकमध्ये फेकताना तो तिथं उभा होता. त्याही वेळी पाठ करून. त्याच्या मुलांनी त्याला गावी बोलावलं होतं. गाडी दोघांची होती, म्हणून मी म्हटलं, घेऊन जा. तो म्हणाला, “गाँव में कहाँ चलाऊँगा? बेच मत, चालू रख. बस.” जेट ठेवायची त्याची किमामची, म्हणजे पानात घालायच्या तंबाखूच्या अर्काची, डबी त्याने माझ्या हातात दिली. ती उघडली की आजही आधी किमामचा वास येतो आणि मग पितळ दिसतं.

मी हो म्हटलं होतं. चालू ठेवीन म्हटलं होतं. आयुष्यात मला कोणी इतकं सोपं काम दिलं नव्हतं.

गाडी मी वळ गावी आणली. शेडमध्ये लादी घातली, ट्यूबलाइट लावली. मिस्त्रीची गाडी आपल्या घरी आलीय तर तिची नीट बडदास्त ठेवावी म्हणून सगळी खोलली. एअर फिल्टर काढला तर ओळखू येईना. स्पंजावर रुईची, कापसाच्या उडत्या तंतूंची, जाड गादी बसली होती, तेलात भिजून, चेपून, चामड्यासारखी झालेली. नारपोलीत हवा म्हणून जे असतं त्यात निम्मी रुई असते. माणसांच्या भुवयांवर बसते, चहावर तरंगते, ती गाडीच्या नाकात जाऊन बसली तर नवल काय? मिस्त्री फिल्टर दर शुक्रवारी आपटून झटकायचा, पण झटकून ती निघणारी नव्हती. मी तो स्पंज पेट्रोलमध्ये धुतला, मग साबणाच्या पाण्यात, मग पुन्हा. मूळचा पिवळा रंग दिसायला लागला तेव्हा मला लहान पोराला न्हाऊ घातल्यासारखं समाधान झालं. वाळवला, तेल लावलं, बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यावर गेलो. थंडी होती. गाडी पहिल्या किकला चालू झाली आणि अशी पळाली की मी मनातल्या मनात मिस्त्रीला म्हटलं, बघ, माझ्या हाताला यश आहे. आवाज वर चढत गेला, बारीक होत गेला, गोड होत गेला. गोड आवाजाचा अर्थ काय तो मला माहीत होता. पण चालवणाऱ्याला तो आपल्या मांडीखालून ऐकू येतो, आणि मांडीखालच्या आवाजावर माणूस भाळतो. मी समोर बघत होतो. समोर पट्टा, पुढे खाडी, आणि पंजा उघडणारा कोणी नाही. मागचं चाक एकदम जाम झालं. गाडी आडवी झाली, मी मुरमावर घसरत गेलो, आणि नंतर बराच वेळ फक्त हायवेवरच्या ट्रेलरांचा आवाज येत राहिला.

गुडघा सोलला होता, तो भरला. इंजिनात पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता, तापून. मी तिथंच बसून रडलो. गुडघ्यासाठी नव्हे. मला सांगितलेलं एकच काम होतं, चालू ठेव, आणि तेही मला जमलं नाही.

मिस्त्रीला सांगायला मी दोन दिवस घेतले. फोनवर त्याने नेहमीप्रमाणे आधी मला बोलू दिलं. मग विचारलं, जेट कोणता होता? म्हटलं, तोच. पेट्रोलमध्ये ऑइल? तेच. मग काय बदललं? म्हटलं, काही नाही, फिल्टर तेवढा धुतला, एकदम नव्यासारखा. मग तो हसायला लागला, इतका की त्याला खोकला आला.

“शेठ, अपनी बच्ची कम नहीं खाती थी. उसकी नाक में रुई थी.”

झालं ते असं होतं. इतकी वर्षं फिल्टर रुईने तुंबलेला, म्हणून हवा कमी. हवा कमी, म्हणून पेट्रोल जास्त वाटायचं आणि प्लग काळा यायचा. आणि आम्ही दोन शहाणे हवेचा दोष पेट्रोलवर ढकलून जेट लहान करत बसलो होतो. ती गाडी नारपोलीच्या हवेच्या मापाची शिवली होती. मी तिला स्वच्छ हवा दिली आणि तिचा जीव घेतला. हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. मीही हसलो, पण फोन ठेवल्यावर शेड फार मोठी वाटली.

सिलिंडर बोर करून आणला, नवा पिस्टन बसवला. आता जेटिंग पहिल्यापासून. मोठ्या जेटपासून सुरुवात करून हळूहळू खाली यायचं, म्हणजे धोका नाही. अर्धं काम प्लग सांगतो. पूर्ण जोरात पळवून एकदम इंजिन बंद करायचं, प्लग खोलून त्याचा रंग बघायचा. काळा ओला असेल तर रिच, पांढरा पडला तर लीन, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आला तर जमलं. पण प्लग पूर्ण जोराचंच सांगतो. अर्ध्या अॅक्सिलेटरवर कार्बोरेटरमधली सुई काम करते, तिची क्लिप कोणत्या खाचेत हवी ते कानानेच कळतं, आणि तेही लांबून. गाडीवर बसलेल्या माणसाला वारा, चेनची खडखड आणि स्वतःच्या छातीतली धडधड एवढंच ऐकू येतं.

त्यात घाईही होती. तो पट्टा माझ्याच शेतावरचा भराव, आणि तिथं आता नवं गोडाऊन यायचं होतं. सही माझीच. पिलरचे खड्डे सुरू झाले की सरळ पळवायला जागा राहणार नव्हती, आणि हायवेवर असली गाडी काढली तर पोलीस आणि ट्रेलर यांच्यात पैज लागली असती की आधी मला कोण घेतो. पट्टा गेला की गाडी अशीच अर्धवट शेडमध्ये राहणार होती. मिस्त्रीला काय सांगणार होतो? चालू आहे, पण चालत नाही?

मी बायकोला विचारलं, ऐकायला येशील का. तिने पदर खोचला आणि आली. तिला सगळं समजावलं. पाठ करून उभी राहा, खोकल्यासारखी वाजली तर मूठ, शिट्टीसारखी वाजली तर पंजा. मी टोकाला गेलो, वळलो, तर ही माझ्याकडे तोंड करून उभी. मी सुटलो मात्र, हिने दोन्ही पंजे उघडून नाचवायला सुरुवात केली. मी ब्रेक मारून थांबलो. लीन होती का, असं विचारलं.

“मना काय कलतंय त्याच्यातला,” ती म्हणाली. “तुमी परलाव त उचलाला कोन हाय? म्हून आले मी.”

मला हसू आलं. ती खरी काळजीने आली होती, घरातली भाजी गॅसवर ठेवून. तिला मी परत बोलावलं नाही. माणसं नव्हती असं नाही. हवं होतं ते माणूस नव्हतं, आणि हे बायकोला सांगता येत नाही.

मग मला फोन सुचला. मिस्त्रीला म्हटलं, तू ऐक, मी पळवतो. तो तयार झाला. पट्ट्याच्या त्या टोकाला, तो उभा राहायचा तिथं, एका दगडावर मी फोन उभा केला, चालू कॉलवर. वाऱ्याने पडू नये म्हणून मागे किमामची डबी लावली. तोंड मात्र मी फोनचंही खाडीकडे केलं. सवय. मग धावत या टोकाला आलो, गाडी पळवली, अर्ध्यावर पळवली, पुन्हा पूर्ण पळवली. फोनजवळ थांबून इंजिन बंद केलं आणि धापा टाकत विचारलं, “बोल मिस्त्री. मूठ का पंजा?”

“शेठ, गाडी चालू कब करेगा?”

मी म्हटलं, आत्ता पळवली, तीन वेळा. तो म्हणाला, इथं काहीच आलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा त्याच्या नातवाने फोन घेतला आणि मला समजावलं की हल्लीचे फोन आजूबाजूचा गोंगाट कापून टाकतात, फक्त माणसाचा आवाज पुढे पाठवतात. मिस्त्रीने फोन परत घेतला.

“मशीन नहीं आती, शेठ. तू आता है. दौड़ के आता है, हाँफता है, वो साफ आता है.” आणि वर म्हणाला, “तू ही रिच चल रहा है. चर्बी कम कर.”

मी त्याला एक शिवी दिली, आणि त्याने मला दिली. फोन मात्र कोणीच ठेवला नाही. मला त्याच्याकडे कोंबडं आरवल्याचं ऐकू आलं, म्हणजे त्याचा जुना फोन काही कापत नव्हता. त्याला माझ्याकडून फक्त श्वास जात असणार. मला फार एकटं वाटलं, आणि ते मी त्याला सांगून टाकलं. म्हटलं, “मिस्त्री, जमत नाही रे तुझ्याशिवाय.”

“जमेगा,” तो म्हणाला. तो मराठीतला शब्द असाच हिंदीत वापरायचा. “प्लग से मेन जेट निकाल. सुई के लिए बीच वाली खाच से एक नीचे रख के देख. साफ हवा है तेरे पास. डर मत.”

पुढचे काही दिवस मी तेच केलं. सकाळी पळवायची, बंद करायची, प्लग खोलायचा, बोटं भाजून घ्यायची. जेट बदलायचा, पुन्हा. सकाळच्या थंडीत नीट वाटलेली गाडी उन्हं वर आली की खोकायची, कारण गरम हवा विरळ असते. मग दोन्हीला पटेल असं मधलं काहीतरी शोधायचं. नारपोलीत मिस्त्री हे डोळे मिटून करायचा असं म्हणणार होतो, पण तिथं तरी काय, आम्ही दोघं मिळून वर्षानुवर्षं चुकतच होतो. फरक एवढाच की तिथं चुकायला सोबत होती.

शेवटी पट्ट्याच्या कडेला पोकलेन येऊन उभं राहिलं. ड्रायव्हर म्हणाला, “चाय पी के खोदता हूँ.” मी म्हटलं, पी, सावकाश पी. त्या सकाळी डबीतला जो जेट गाडीत होता तो आमच्या जुन्या जेटपेक्षा बराच मोठा होता, इतर लोक लावायचे तसाच. आमचा तोरा त्या डबीतच राहिला.

मी या टोकाला गेलो आणि सुटलो. पहिल्यापासूनच कळलं. मधे कुठेही अडखळ नाही, खोकला नाही, वर गेल्यावर ती फसवी शिट्टी नाही. पकडलेला हात जसा सरळ ओढत नेतो तशी ती मला ओढत नेत होती. मी तिच्या पाठीवर वाकलो आणि समोर बघितलं. इतक्या वर्षांच्या सवयीने नजर उजवीकडच्या त्याच जागेवर गेली, दगडाच्या जरा बाजूला. तिथं पाठमोरं कोणी नव्हतं. दगड होता, पलीकडे खाडीचं पाणी, त्यापलीकडे गोडाऊनांचे निळे पत्रे.

मी दगडाजवळ थांबलो, इंजिन बंद केलं आणि प्लग खोलला. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला होता. मागे पोकलेन सुरू झाल्याचा आवाज आला. हात वर आला नव्हता. आमच्या नियमाने त्याचा अर्थ एकच होतो, सगळं बरोबर आहे. मी प्लग पुसला, परत बसवला, आणि जेट बदलला नाही.